पिनरच्या घरातले मोदक

मी वळलेले मोदक कचऱ्याच्या काळ्या बिन बॅगेत गेले. माझ्या डोळ्यांदेखत.

लंडनच्या पिनर भागात एका डॉक्टरांच्या घरी गणपती होते. डॉक्टर पुण्याचे, मी त्यांच्याच वॉर्डवर नर्स. लंडनला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला, "लवकर ये गं, मदत होईल." मराठी बोलायला मिळणार म्हणून मी नवा ड्रेस घालून गेले. किचनमध्ये बसून मोदक वळायला लागले. वहिनी म्हणाल्या, "कळ्या छान पाडतेस."

तेवढ्यात डॉक्टरांच्या आई, घरातल्या आजी, आल्या. गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं, नगर जिल्हा. आम्ही ख्रिश्चन.

"ते झालं. पण मूळचे कोण?"

"महार," मी म्हटलं.

वहिनींनी माझ्या हातातली पारी काढून घेतली. "दमलीस. बाहेर बस."

कुणी शिवी दिली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. आजींनी माझ्या मोदकांचं ताट उचललं आणि बॅगेत उपडं केलं. मग नवी उकड काढली. मला पेपर प्लेटमध्ये जेवण आलं. बाकीच्यांना स्टीलची ताटं. आणि मी जेवले. निमूटपणे. वर "छान झालंय" म्हणाले.

घरी येऊन हात घासले. वॉर्डवर घासतो तसे, कोपरापर्यंत. चूक त्यांची आणि लाज मला. माझ्या आजीला विहिरीवर वरून पाणी ओतायचे, तेव्हा तिलाही असंच वाटलं असेल.

रविवारी वेम्बलीच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत एक भाकर सगळ्यांनी वाटून खायची. मी जागची उठलेच नाही. शेजारी जमैकाची एक म्हातारी बसायची, सगळे तिला मदर म्हणायचे. तिने विचारलं, "का नाही येत?"

मी म्हटलं, "माझे हात घाण आहेत." का म्हटलं कोण जाणे. मग सगळं सांगून टाकलं. रडले.

ती हळहळली नाही. भडकली. मनगट धरून मला पुढे नेलं आणि पाळकांना म्हणाली, "आजची भाकर ही मोडेल."

मी मोडली. एकच भाकर. गोरे, काळे, गुजराती, सगळ्यांनी माझ्या हातून घेतली आणि खाल्ली. कुणी मूळ विचारलं नाही. कृपा हा शब्द लहानपणापासून ऐकत होते. त्या दिवशी तो हाताला लागला. लाज गेली. तिच्या जागी राग आला, स्वच्छ राग. देवळातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकणारा येशू मला तेव्हा पहिल्यांदा माझा वाटला.

दिवाळीला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, शाळेच्या हॉलमध्ये. वहिनी माइकवर बोलत होत्या. "इथे आपण सगळे फक्त मराठी. जातबीत सगळं इंडियातच राहिलं."

मी उभी राहिले.

"वहिनी, मग माझे मोदक बिनमध्ये का टाकलेत?"

मी सगळं सांगितलं. आजी काय म्हणाल्या, ताट कुणी उपडं केलं, प्लेट कशाची होती. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

डॉक्टर धावत आले. "अहो, तुमच्या धर्मात क्षमा आहे ना? इथे तमाशा कशाला?"

"आहे ना. पण तुम्ही मागितलीत कुठे?"

त्यांनी मागितली नाही. आजतागायत नाही. वॉर्डवर ते माझ्याशी फक्त पेशंटपुरतं बोलतात. मंडळाचं आमंत्रण बंद झालं.

तरी मी कार्यक्रमांना जाते. तिकीट काढून जाते, पहिल्या रांगेत बसते, वहिनींच्या अगदी समोर. माझ्याकडे पाहिलं की त्या बोलताना अडखळतात. अडखळू देत. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी मुलीला मी त्या घराचं नाव सांगते, तिथे काय झालं ते सांगते. त्यांनी सगळ्यांसमोर क्षमा मागायला तोंड उघडेपर्यंत सांगत राहणार. माझं तोंड आता बंद होणार नाही.