करंगळीतला नीलम

पनवेलच्या एका सराफाकडे मी कानातल्याची फिरकी बदलून घ्यायला बसले होते. शेजारी गव्हाणकडच्या एक बाई मुलाच्या साखरपुड्याची अंगठी निवडत होत्या. होणाऱ्या सुनेला निळाच खडा हवा होता. बाईंनी नीलमच्या अंगठ्यांचा ट्रे उचलला आणि कुणालाही न विचारता दुकानाबाहेर उन्हात नेला. सराफ घाबरून मागे धावला. दोघं परत आली तेव्हा निवड झालेली होती.

"दिव्याखाली सगलेच निले दिसतान," बाई एवढंच म्हणाल्या.

सराफाने बजावलं, "मावशी, हा शनीचा खडा. सगळ्यांना लाभत नाही. सुनेला आठ दिवस घालून बघू दे. काही वाईट घडलं तर बदलून देईन."

बाईंनी अंगठी सरळ स्वतःच्या करंगळीत चढवली. ती मधल्या पेरावरच अडकली, म्हणून पडू नये अशी मूठ आवळून धरली.

सराफ हसला. "मावशी, ज्याची त्यानेच बघायची असते."

"ती माज्या घरान येनार हाय ना? मंग काय वायट यायचा ते पयला माज्यावर येऊंदे. आठ दिवस मीच घालीन."

पैसे चुकते करून, तशीच मूठ आवळून त्या दुकानाच्या पायऱ्या उतरल्या.

माझीही मुलगी लग्नाची आहे. वर्षभर मी आलेल्या स्थळांच्या पत्रिका जुळवत बसले आहे. फिरकी काउंटरवरच टाकून मी उठले आणि बाईंना आणखी एखादा मुलगा आहे का, हे विचारायला रिक्षा स्टँडपर्यंत धावत गेले.