फेन्याची दुसरी सर्व्हिस

फेन्या ओस्टरकांप एकोणीस वर्षांची. व्यावसायिक टेनिसमध्ये उतरून तिला दीड वर्ष झालं होतं. अंताल्या काय, मोनास्तिर काय, जिथं जाईल तिथं पहिल्याच फेरीत हरून परत यायची. मुख्य स्पर्धेतला एक विजय, एवढंच तिला हवं होतं. त्या जुलैत स्पर्धा उत्तर जर्मनीत, लेअरला, आमच्याच क्लबात होती. इथली लाल माती तिच्या गुडघ्यांना लहानपणापासून ठाऊक. इथं नाही जिंकली तर कुठं जिंकणार?

तिला घडवलं फोल्कमारनं. इतकी वर्षं तो तिचा कोच, आणि सराव संपला की तिची आई आंट्ये हिच्याकडे जेवायला. बटाट्याचं सॅलड दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय उठायचा नाही. मागच्या हिवाळ्यात एका मोठ्या अकादमीनं बोलावलं आणि तो गेला. जाऊ दे, पोटापाण्याचा प्रश्न. "नोकरी बदलतोय, तुला थोडाच बदलतोय?" असं फेन्याला म्हणाला, आणि तिनं ते खरं मानलं.

आमच्याकडे मार्चमध्ये प्रत्येक सभासदाला कोर्टावर राबावं लागतं. थंडीनं उखडलेली माती खरवडायची, विटांची नवी भुकटी पसरायची, रोलर फिरवायचा. डॉक्टर असो नाहीतर कोच, फावड्यापुढं सगळे सारखे, आणि एरवी मनात राहतं ते त्या दिवशी माणसं बोलून जातात. अशाच एका मार्चमध्ये फेन्या फोल्कमारला म्हणाली होती, "सामना अडला ना, की दुसऱ्या सर्व्हिसला माझा हात गार पडतो. चेंडू वर टाकताना बोटं ऐकतच नाहीत. आईलाही नाही सांगितलं."

"माझ्यापाशी राहील," फोल्कमार म्हणाला होता.

पहिल्या फेरीत समोर आली कारोलिन, त्याच अकादमीची. फोल्कमार तिच्या बाजूच्या खुर्चीत बसला. फेन्यानं तेही गिळलं. पहिला सेट तिनं घेतला, दुसरा गेला, तिसरा सहा-सहा बरोबरीवर टायब्रेकपर्यंत ताणला. तिथं तिची पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली, उरली दुसरी, आणि फोल्कमारनं दोन बोटांनी कारोलिनला खूण केली, पुढं ये. सगळा सामना मागं राहून खेळलेली ती पोरगी थेट मागच्या रेषेच्या आत येऊन उभी राहिली.

फेन्याला तिथंच कळलं. चेंडू वर गेला तो वाकडा. डबल फॉल्ट, गुण गेला. पुढच्या सर्व्हिसला पुन्हा तीच खूण, पुन्हा तसंच, आणि सामना संपला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. खाल्ल्या मिठाला जागायचं तर सोडाच, त्यानं ते मीठच जखमेवर चोळलं.

आमच्या रिवाजाप्रमाणे ती कोर्टावर जाळी ओढत माती सारखी करत होती. फोल्कमार जवळ आला.

"छान खेळलीस गं."

"तू तिला सांगितलंस."

"अगं, तिचा कोच आहे मी. माहीत आहे ते वापरायचं नाही, तर काय झाकून ठेवायचं?"

"मी ते कोचला नव्हतं सांगितलं."

"मग कुणाला?" त्यानं विचारलं, आणि त्याला खरंच कळलेलं नव्हतं. याचाच मला जास्त संताप येतो. फेन्या जाळी ओढत पुढं गेली.

शरदात तिला नवी कोच मिळाली, ब्रेमेनची गुद्रुन. बाई भली. पहिल्याच दिवशी चहा ओतता ओतता म्हणाली, "हे बघ, मोकळेपणानं सांग. सामन्यात तुला भीती कशाची वाटते? तिथूनच कामाला लागू."

"कशाचीच नाही," फेन्या म्हणाली.

गुद्रुन खूश झाली. अशीच निडर पोरगी तिला हवी होती. चहा संपवून दोघी कोर्टावर गेल्या आणि पहिल्या सर्व्हिसचा सराव करू लागल्या.