गिरीजचं अर्धं बावखल

वसईतल्या गिरीजला आशालता राऊतांच्या वाडीत जायचं तर आपली मतं फाटकाबाहेर ठेवून जावं. मला ते कधी जमलं नाही, म्हणून आमची भांडणं होतात. आशाकाकू घरात वाडवळी बोलतात. माझ्याशी भांडताना मात्र खणखणीत पुस्तकी मराठी, म्हणजे बोलणं नीट लागावं.

लग्न होऊन आल्या तेव्हापासून काकू ही वाडी कसतायत. केळी, नारळ, पडवळ, अळू. नवरा गेला, मुलगा तेजस अंधेरीला नोकरीला लागला, तरी शिंपणं चुकलं नाही. कारण मागे बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पाऊस त्यात जिरतो, म्हणून समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरी गोड राहिल्या. हल्ली सरकारी कागदात त्याला 'डबकं' लिहितात. डबकं म्हटलं की बुजवायला मोकळे! काय डोकं आहे, नाही?

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या टॉवरवाल्याने डेब्रिस टाकून अर्धं बावखल गिळलं. मी अर्ज केले, मोर्चा नेला, पालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर हात आपटला. साहेबांनी चहा मागवला. आणि दिवाळीनंतर त्याच भरावावर टॉवरवाल्याने जाहीर केला 'वसई वारसा महोत्सव'. वारशाच्या छाताडावर मंडप!

टॉवरवाल्याचा माणूस विघ्नेश काकूंकडे आला. "काकू, स्टेजवर हंडा घेऊन नुसतं उभं राहायचं. जुनी वसई दिसली पाहिजे. उरलेल्या बावखलाला हात लावणार नाही, शब्द देतो."

काकू हो म्हणाल्या. मी उसळलो. "याच्या शब्दावर? काकू, हा माणूस सकाळी बोललेलं दुपारी विसरतो!"

"तू मोर्चा काढलास. त्यातून काय निघालं? घाम," काकू म्हणाल्या. "मला निम्मं तरी वाचवू दे."

महोत्सवाच्या दिवशी त्यांना साडी दिली. काकूंनी ती उलटसुलट पाहिली. "अरे, ही कोळणीची आहे. मी वाडीतली."

"तेच ते हो, सगळं वसईच," विघ्नेश म्हणाला.

तेच ते! नायगावची खाडी, गासची भातशेती, किल्ल्याजवळचा कोळीवाडा, गिरीजच्या वाड्या. दर दोन मैलांवर बोली बदलते, लग्नातली गाणी बदलतात, आमटीचा रंग बदलतो. यांनी सगळं एका साडीत गुंडाळलं आणि वर सेफ्टी पिन लावली. तरी काकूंनी ती नेसली. ज्यासाठी नेसली, ते उरलेलं बावखल मंडपाच्या मागे हिरवं चकाकत होतं.

स्टेजवर थर्माकोलची विहीर. तिला थर्माकोलचाच रहाट. काकू रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या, निवेदक 'आपली माती, आपलं पाणी' म्हणून गळा काढू लागला, आणि पडद्यामागून टूं टूं टूं आवाज आला. डंपर मागे येत होता. उरलेल्या अर्ध्याकडे. गाण्याबजावण्यात कोणाच्या लक्षात येणार नाही, हा हिशेब.

काकूंनी निवेदकाच्या हातातला माइक ओढून घेतला. "या विहिरीला पाणी नाही. ज्याला होतं, ते तुमच्या खुर्च्यांखाली आहे. उरलेलं बघायचं असेल तर चला लवकर, डंपर आलाय."

हंडा घेऊन त्या स्टेजवरून उतरल्या, पडदा बाजूला सारला आणि थेट बावखलात शिरल्या. कमरेइतक्या पाण्यात. डंपरच्या मागच्या चाकांसमोर.

"आता टाक!"

ड्रायव्हर बिचारा खाली उतरून हात जोडू लागला. फोटो काढायला आलेले सगळे मोबाइल काठावर गोळा झाले. टॉवरमधल्या सीमाताई, ज्यांनी डासांची तक्रार केली होती, त्या ओरडल्या, "अहो आजी, बाहेर या, डास चावतील!"

"चावू देत. ते तरी इथलेच आहेत."

हशा पिकला. सीमाताईही हसल्या. मग त्यांनीच ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, गाडी काढा इथून." मी घसा ताणून घोषणा देत होतो, पण डंपर त्या एका वाक्याने हलला. हे लिहिताना माझा जीव जळतो, पण खरं आहे.

विघ्नेश तोंड लपवून पसार झाला. पुढच्या आठवड्यात फाटकाशी आला. साडी मागू लागला. भाड्याची होती म्हणे.

ती साडी काकूंनी डंपरच्या वाटेवर दोन शेवग्यांच्या मध्ये आडवी बांधली होती. काकूंनी पडवळाच्या मांडवातून मान वर केली.

"तुझा शब्द घेऊन ये. लेखी. मग साडी ने."

साडी अजून तिथेच आहे. ऊन लागून रंग उडाला. मागे अर्धं बावखल आहे, आणि रोज सकाळी काकू आधी गाठी तपासतात, मग शिंपायला जातात.