भरून परत येणारी बाटली

सून संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून उतरते आणि बाटलीतलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला ओतते. सकाळी भरून नेलेली बाटली तशीच परत येते. झाड काय तरारलंय! तिचे ओठ मात्र फुटलेत.

विचारलं तर म्हणाली, "मामंजी, पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागतं. मशिनवरून उठलं की साहेब सगळ्यांदेखत बोलतो."

त्याच कंपनीनं काल चावडीपुढं गावासाठी थंड पाण्याचं यंत्र बसवलं. वर हे भलंमोठं नाव. पहिला पेला थोरल्या माणसानं प्यावा म्हणून मला बोलावलं. सून म्हणाली, "तिथं काही बोलू नका हं, माझं काम जाईल."

गावाला पाणी पाजायचं आणि आतल्या बायकांना तहानेलं ठेवायचं, हा कसला धर्म? मी चौथी शिकलेला, मला नाही उमगत.

फोटोवाला ओरडला, "बाबा, प्या की!" मी बोललो नाही. भरलेला पेला कंपनीच्या साहेबाच्या हातात परत दिला आणि ताठ मानेनं घरी आलो.

आज गाडीची वेळ झाली तसा दारात उभा आहे. उद्याही तिला कामावर निघताना बाटली भरताना बघायला मिळावं, एवढंच मागतोय. असलं मागणं माझ्या तोंडी यावं, याची लाज वाटते.