चुना प्यालेला कोळसा

राग आला की माझं तोंड उघडायच्या आत हात सुटतो. वडिलांचंही तसंच होतं. चर्चमध्ये क्षमेवर बोलायचे आणि घरी पट्ट्यानं फोडून काढायचे.

तिसगावजवळ आमची जमीन आहे. वरच्या अंगाला धाकट्या भावाचा गोठा, खाली दोघांत मिळून एक शेततळं. गोठा धुतलेलं पाणी उतारानं थेट तळ्यात यायचं. शेणामुतातल्या फॉस्फेटवर शेवाळ माजतं; दोन उन्हाळ्यांत पाणी पोपटी झालं. एका सकाळी मी सोडलेले सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. त्यातला एक शेपटीला धरून उचलला, गोठ्यात गेलो आणि धार काढत बसलेल्या भावाच्या तोंडावर हाणला. त्यानं दुधाची बादली माझ्या जबड्यावर मारली. पुढचा एक दात तिथंच शेणात पडला.

दात गेल्यावर माझ्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. तुरीच्या वाळक्या तुराट्या चुन्याच्या पाण्यात भिजवल्या, वाळवल्या आणि झाकण लावलेल्या पिंपात, हवा कोंडून जाळल्या. नुसता कोळसा फॉस्फेट धरत नाही, हे आधी एकदा फसल्यावर कळलं होतं. चुना प्यालेला धरतो. तो कोळसा ड्रममध्ये भरून मी गोठ्याच्या तोंडाशीच, तळ्याकडच्या उतारावर बसवला, वर वाळूचा थर दिला. गोठ्याचं पाणी त्यातून झिरपून खाली जायला लागलं.

"चार महिने थांब," मी भावाला म्हणालो. "पाणी निवळेल, आणि कोळशानं धरलेलं खत तुझ्याच रानात जाईल."

"गावाला चुना लावून झाला गुरुजी, आता मला व्हय?"

तरी त्यानं ड्रम राहू दिला. पाणी खरंच निवळत होतं. रोज बाटलीत धरून उन्हात बघायचो आणि इतका खूश व्हायचो की वरची वाळू दर आठवड्याला बदलायची असते हेच विसरलो. ड्रम तुंबला. पाणी उलटं गोठ्यात शिरलं, चिखल झाला, त्याची गाभण गाय घसरून पडली आणि गाभडली.

भाऊ कुऱ्हाड घेऊन आला. ड्रमवर चार घाव घातले, मग लाथ मारून तो आडवा केला. सगळा कोळसा त्यानं जनावरांसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यात सांडला.

"तुझ्या नादापायी माझं वासरू गेलं, दादा."

चूक माझी होती. ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच राग दुप्पट आला. हातात फावडं होतं. त्याच्या उजव्या दंडावर घातलं. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. तो कोळशात पडला, तरी मी पाठीवर आणखी दोन हाणले. त्याची बायको धावत येऊन त्याच्या अंगावर आडवी पडली तेव्हा थांबलो.

मीच त्याला टेम्पोत घालून नगरला नेलं. कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"मोटरसायकलवरनं पडलो," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दंडात स्टीलची पट्टी बसली, पण हात खांद्याच्या वर जाईना. पावसाळा सरता सरता त्यानं मला वाफ्यापाशी बोलावलं. कोळसा सांडला होता तेवढाच घास काळाभोर, गुडघ्याएवढा झाला होता. बाजूचा फिका आणि बुटका.

"तुझं खरं निघालं," तो म्हणाला. "ड्रम परत भर. मला आता उचलत न्हाई."

मी भरला. वाळू दर शनिवारी बदलतो. रविवारी चर्चमध्ये त्याच्या शेजारी बसतो. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा पेला तो डाव्या हातानं घेतो, आणि घेऊन झाला की माझ्याकडे देतो.