अणदूरचा रेल्वे-अर्ज

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच मागणीमागं लागली की मागणी बाजूला ऱ्हाते आणि किस्सेच पोतंभर साठतात. आमच्या रेल्वे समितीचं तसंच झालं. शाळेत मी कधी गेलो नाही. मी सांगतोय, नातसून लिहून घेतीय. तिला म्हटलं, सावकाश लिही, मी पण सावकाशच सांगणार.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हाची गोष्ट. सोलापूरहून अणदूर, उमरग्यावरून पुढं लाईन टाकावी आणि दिल्लीनं त्याला पैसा मंजूर करावा, एवढंच आमचं मागणं. समितीत आम्ही तिघं. किराणा दुकानवाले अण्णा अध्यक्ष, लतीफभाई शिंपी, आणि मी, हरिबा, मेंढरंवाला.

चौथे होते शाळेचे गुरुजी. पण त्यांचं नाव कुठंच नव्हतं! सरकारी नोकरानं असल्या चळवळीत पडायचं नाही, असा कायदा. आणि अर्ज तर सगळे त्यांच्याच हातचे. कळलं तर नोकरी गेली. घरात म्हातारी आई, बायको, तीन लेकरं. म्हणून अर्जाचं नाव निघालं की मी आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायचो.

*

पहिल्या अर्जाला गावाचे अंगठे पाहिजे होते. शाईचा डबा घेऊन आम्ही दारोदार फिरलो. डबा बघितला की लोक दार लावून घ्यायचे! निजामाच्या अमलात अंगठा दिला की बैलगाडी वेठीला जायची, ते भ्या अजून होतं.

शेवटी रुक्माआक्का म्हातारी पुढं आली. लई वेळ स्वतःच्या अंगठ्याकडं बघत बसली.

अण्णा म्हणाले, "आक्का, भिऊ नका. काही जात न्हाय तुमचं."

"भीत न्हाय रं. देते अंगठा. पण रेल्वे न्हाय आली तर माझा मला परत आणून द्यायचा!"

*

गुरुजी दुपारच्या सुट्टीत खंडोबाच्या ओवरीत बसून लिहायचे. मी दारात राखणीला. कुणी सरकारी माणूस दिसला की खोकायचं, असं ठरलेलं.

नेमका एकदा मला खराच खोकला झाला. माझी खोकल्याची उबळ काय थांबंना, आणि आत गुरुजींची पळापळ! घाईत त्यांनी ओला अर्ज भंडाऱ्याच्या परातीत खुपसला. बाहेर काढला तर कागद हळदीनं पिवळाजर्द. दुसरा लिहायला वेळ नव्हता. तसाच कचेरीत नेला.

कारकून म्हणाला, "अहो, हे काय लावून आणलंय अर्जाला?"

अण्णा गंभीर तोंडानं म्हणाले, "सगळ्या गावानं सही केली. देव तरी मागं कसा ऱ्हाईल?"

*

पुढं उत्तर आलं, तुमच्याकडं प्रवासी आहेत का ते आधी बघू. झालं! मोजणीला एक साहेब येऊन मोटारस्टँडवर लिंबाखाली खुर्ची टाकून बसला.

आमची झोप उडाली. प्रवासी कमी भरले तर लाईन गेली. अण्णांनी गावात सांगून टाकलं, "सकाळी सगळ्यांनी गाठोडी घेऊन स्टँडवर या."

आख्खं गाव लोटलं! कुणाच्या डोक्यावर वळकटी, कुणाच्या काखेत कोंबडी. साहेब भराभरा लिहितोय, आम्ही खूश. तेवढ्यात सोलापूरची मोटार आली, आणि एक माणूस जागचा हलला नाही! कंडक्टर दारात उभा राहून ओरडतोय, "अवो चढा की! उभे का?"

साहेबानं लिहायचं थांबवून मान वर केली. म्हटलं, आता पकडलं. तर लतीफभाई पुढं होऊन कंडक्टरला म्हणाले,

"हम रेल के मुसाफिर हैं जी, मोटर के नै!"

*

आणि मग एक दिवस ज्याचं भ्या होतं तेच झालं. कुणीतरी कागाळी केली, की अर्जामागं सरकारी नोकर आहे. जिल्ह्याहून चौकशीला साहेब आले. चावडीत बसले, पुढ्यात आमचा अर्ज, खाली आम्हा तिघांची नावं आणि धंदे.

"कुणी लिहिला हा?"

अण्णा म्हणाले, "म्या."

साहेबांनी कागद-पेन पुढं केलं. "चार ओळी लिहा बरं."

अण्णांचा हात दुकानाच्या सवयीनं चालला, आणि कागदावर उतरली मोडी! अर्ज तर बाळबोध, शाळेच्या फळ्यावर असावं तसं सुरेख अक्षर.

लतीफभाई म्हणाले, "साब, मैंने लिखा." त्यांनी लिहिलं ते उजवीकडून डावीकडं, उर्दूत!

दाराशी गर्दीत गुरुजी उभे होते. तोंड पांढरंफटक. त्यांनी पाऊल पुढं टाकलेलं मी बघितलं. आता हा माणूस कबूल करतोय, लेकरं उघडी पडत्यात. मला काही सुचंना. मीच ओरडलो,

"साहेब, म्या लिव्हलाय!"

साहेबांनी पेन माझ्या हातात दिलं. खुरपं धरावं तसं मी ते मुठीत धरलं.  

साहेब माझ्या मुठीकडं बघत राहिले. मग गर्दीकडं बघितलं, गुरुजींकडं जरा जास्तच वेळ. माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि स्वतःच्याच कागदावर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "अर्ज लिहिणारा, हरिबा. धंदा, मेंढपाळ. चौकशी पुरी."

उठले, टोपी घातली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडं बघत म्हणाले,

"बाबा, पुढचा अर्ज जरा वाईट अक्षरात लिहा!"