खोडलेलं नाव

आमच्या सोसायटीच्या फलकावर फ्लूच्या लशीसाठी नावं लिहायचा कागद लागलाय. साठेकाकांनी नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. गेल्या वर्षी लस घेतल्यावर त्यांचं अंग दोन दिवस ठणकलं होतं. सगळ्यांत वर इनामदारकाकूंचं नाव आहे. त्यांचे यजमान गेल्या हिवाळ्यात फ्लूनेच गेले. माणूस स्वतःच्या अंगाला लागलं तेवढंच खरं मानतो, बाकी सगळी लोकांची दुखणी.

वरच्या मजल्यावर कालपासून कुणीतरी खोकतंय. आवाज जिन्यातून खाली उतरतो, माणूस दिसत नाही.

मी पेन पुन्हा खिशाला लावलं. "मला कधी फ्लू झालाच नाही हो," शेजारी उभ्या इनामदारकाकूंना म्हणालो.

कागदावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "ह्यांनाही त्याआधी कधी झाला नव्हता."